सपाटीची माणसं, गुरुवारचे डोंगर

डोंगरावरून घरी आलं की पायमोज्यांत कुसळं निघतात. चार काढावीत, तर धुतल्यावर आणखी आठ सापडतात. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा, तर त्याच्या आडून दुसरा डोकं वर काढतो. आणि बायको 'पुरे आता, पाहुण्यांना जेवू द्या' म्हणाली, की नेमका तिसरा आठवतो!

मुळात शिरूर-दौंडकडच्या माणसानं डोंगर चढायचा, हाच एक विनोद. आमच्याकडं सगळं सपाट. उंच म्हणावं असं काय, तर साखर कारखान्याची चिमणी आणि दौंड स्टेशनातला पूल. तो पूल चढतानासुद्धा माणसं मध्ये थांबून 'काय उंच बांधून ठेवलाय' म्हणतात.

पण रांजणगावला आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. रविवारी सगळी दुनिया लग्नाला जायची, तेव्हा आम्ही मशिनवर. आणि आम्ही मोकळे, तेव्हा पोरं शाळेत आणि दोस्त कामावर. घरी बसलं तर दळण आणायला पाठवतात. नव्वदचं दशक संपत आलं होतं, टीव्हीवर दुपारी सासू-सुना भांडत होत्या. मग आम्ही पाच जणांनी डोंगर धरला.

पाच जण म्हणजे असे. जगताप साहेब आमच्या कंपनीचे सेफ्टी ऑफिसर, म्हणून न विचारता लीडर. सलीमभाईंचं शिरूरला गॅरेज, म्हणून जीप त्यांची. आप्पा दौंडचे, मालगाडीवर गार्ड, रिटायरमेंटला आलेले, पण ड्यूटी जुळवून यायचे. दत्तू लेथवर ऑपरेटर, कारेगावात आईबरोबर खोली घेऊन राहायचा. वय लग्नाचं, आणि लग्न जमत नव्हतं. पाचवा मी, स्टोअरमधला. किल्ली माझ्याकडं असायची, म्हणून कंपनीतला दोर, हेल्मेट आणि हातमोजे 'टेस्टिंगसाठी' बाहेर निघायचे.

*

पहिल्याच ट्रेकला जगताप साहेबांनी फर्मान काढलं, "सगळ्यांनी सेफ्टी शूज घालून यायचं. सेफ्टी म्हणजे सेफ्टी!"

कंपनीचे सेफ्टी शूज म्हणजे पुढं लोखंडाची वाटी. पायावर मशिनवरचा लोखंडी जॉब पडला तर जॉबला लागेल, पायाला नाही. सलीमभाईंकडं ते नव्हते, तर साहेबांनी त्यांना मुद्दाम एक जोड आणून दिला. आप्पा मात्र साधे कॅनव्हासचे बूट घालून आले. साहेबांनी त्यांना जीपमध्ये अर्धा तास सेफ्टीवर लेक्चर दिलं.

चढताना काही वाटलं नाही. उलट जरा रुबाबच वाटला. पण उतरताना प्रत्येक पावलाला पाय पुढं सरकायचा आणि अंगठा त्या लोखंडी वाटीवर ठण्णकन आपटायचा. निम्म्या वाटेत सलीमभाई उलटे चालायला लागले. शेवटच्या टप्प्याला जगताप साहेब बूट गळ्यात अडकवून, अनवाणी, 'आई गं' करत उतरले. आप्पा खाली पोचून, चहा पिऊन, दुसरा सांगून बसलेले.

शुक्रवारी सकाळी प्लँट मॅनेजरांनी गेटवर आम्हा तिघांना लंगडताना पाहिलं. आमच्या सगळ्यांच्या अंगठ्यांची नखं काळीनिळी. मॅनेजर घाबरलेच. अपघात झाला म्हणजे रिपोर्ट आला, इन्स्पेक्शन आलं!

"जगताप, काय लागलं हे?"

साहेबांनी खाली मान घालून खरं सांगितलं, "सेफ्टी शूज लागले, सर!"

*

डोंगर गुरुवारी चढायचा यात एक मोठी अडचण होती. निम्म्या शिरूर तालुक्याला गुरुवारचा उपास! आम्हा पाचांत मला आणि साहेबांना होता. म्हणजे दोघांची साबुदाण्याची खिचडी, आणि आप्पा-दत्तूची भाकरी, ठेचा, कांदा. ठेच्याचा डबा उघडला की माझा उपास दर गुरुवारी डळमळायचा.

त्यात एकदा थंडीतला रमजान आला. सलीमभाई म्हणाले, "मी येणार. रोजा मला हाय, जीपला न्हाई."

मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं, की सलीमभाई पाण्याचा थेंबसुद्धा घेणार नाहीत, तर त्यांच्यासमोर आपणही खायचं नाही. आप्पांनी तर छातीवर हात ठेवून जाहीर केलं, "आज आपला सगळ्यांचाच रोजा!"

सोपी चढण निवडली होती, हवा गार होती. तरी अकरा वाजेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागले. मी "जरा जाऊन येतो" म्हणून एका मोठ्या दगडामागं गेलो. पाहतो तर तिथं दत्तू आधीच चिवडा खात बसलेला. त्यानं गप्प राहायची खूण करून पुडी पुढं केली. उपासाचं मला अजिबात आठवलं नाही. दोन मिनिटांनी जगताप साहेब "जरा जाऊन येतो" म्हणून आले. मग आप्पा. ते तर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणीच घेऊन आले! चौघं दाटीवाटीनं त्या दगडामागं बसलो.

इतक्यात दगडाच्या वरनं सलीमभाईंचं डोकं दिसलं.

"आरं, चटणीचा वास पार खालपतुर येतोय. लपून खाल्लं की ठसका लागतो. बसा की उन्हाला निवांत!"

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी सूर्य बुडाला तेव्हा आम्ही जीपपाशी पोचलो होतो. सलीमभाईंनी रुमालातून खजूर काढले आणि स्वतः घ्यायच्या आधी एकेक आमच्या हातावर ठेवला. मला खरंच भरून आलं.

आप्पांच्या मिशीला अजून चटणी होती. ते गंभीरपणे म्हणाले, "द्या सलीमभाई, सोडा आमचा रोजा!"

*

आप्पांनी रेल्वे डोंगरावरही सोडली नव्हती. शिट्टी, लाल झेंडी, हिरवी झेंडी हे कायम पिशवीत. कातळात खोदलेल्या पायऱ्या आल्या, की वर एक माणूस असताना खालून दुसऱ्यानं चढायचं नाही, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड निसटला तर खालच्याच्या टाळक्यात बसतो. नियम साहेबांचा, पण अंमलबजावणी आप्पांची. ते आधी वर जाऊन बसायचे. लाल झेंडी म्हणजे थांबा, हिरवी म्हणजे या.

एका गुरुवारी आम्ही चौघं चढून पुढं पाणी भरायला गेलो. आप्पा म्हणाले, "मी बसतो जरा, दम खातो." झेंड्या त्यांच्या हातातच.

आम्ही टाक्यावरून परत आलो, तरी आप्पा तिथंच. खाली वाकून पाहिलं, तर पायऱ्यांच्या पायथ्याशी पुण्याची दहा-बारा कॉलेजची मुलं-मुली रांगेत उभी! नवे कोरे बूट, पाठीवर महागड्या सॅक, उन्हानं तोंडं लाल. आप्पा दगडाला टेकून गाढ झोपलेले, आणि त्यांच्या मांडीवरनं लाल झेंडी खाली लोंबत होती.

"तुम्ही का थांबलाय?" साहेबांनी वरनं ओरडून विचारलं.

"काका, फॉरेस्टवाल्यांनी बंद केलंय ना! केव्हाचे उभे आहोत!"

या आवाजानं आप्पांना जाग आली. त्यांनी खाली पाहिलं, रांग पाहिली, मांडीवरची लाल झेंडी पाहिली. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. आप्पांनी शांतपणे हिरवी झेंडी काढली, शिट्टी मारली, आणि पहिला मुलगा धापा टाकत वर आल्यावर त्याला सांगितलं, "क्रॉसिंग होतं!"

*

आता दत्तूचं सांगतो.

दत्तूच्या घरचे मूळचे मेंढरंवाले. आज्यापर्यंत कळप होता, बापानं जमीन घेऊन शेती धरली, आणि दत्तू कंपनीत लागला. कामात चोख, निर्व्यसनी, पगार बरा. अशा मुलाचं लग्न चुटकीसरशी जमायला पाहिजे. पण दत्तूला एक खोड होती. त्याला खोटं बोलता येत नसे. आणि लग्नाच्या बैठकीत ही खोड फार वाईट!

पहिली मुलगी पाहायला आम्ही पाचही जण गेलो होतो. कांदेपोहे झाले. मुलीच्या आज्यानं विचारलं, "सुट्टीच्या दिशी काय करता?"

"डोंगर चढतो," दत्तू म्हणाला.

"कशापायी? जनावर हरवलंय का?"

"न्हाई."

"मेंढरं हायती?"

"न्हाईत."

"मग लाकूडफाटा, मध, काय आणता का वरनं?"

"काय न्हाई आणत. वर जातो आन् खाली येतो."

आज्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "आरं लेकरा, आमच्या बापजाद्यांनी मेंढरांमागं सगळं डोंगर पालथं घातलं. पावसात भिजलं, थंडीत काकडलं. आता कुठं आमी सपाटीला घरं बांधून बूड टेकलंय. आन् तू फुकाट पुन्यांदा वर निघालास?"

स्थळ गेलं.

दुसऱ्या वेळी आम्ही दत्तूला आठवडाभर पढवलं. काही विचारलं तर म्हणायचं, 'शेतात मदत करतो.' खोटंही नाही, कारण महिन्यातून एकदा तो गावी जायचाच. बैठकीत मुलीच्या मामानं विचारलं, दत्तूनं नीट उत्तर दिलं. आमचा जीव भांड्यात पडला. मग मामाची नजर त्याच्या कोपरावर गेली. चांगली वीतभर खरचटलेली जखम!

"हे काय शेतात लागलं?"

दत्तूनं आमच्याकडं पाहिलं. सलीमभाईंनी डोळ्यांनी 'हो म्हण, हो म्हण' केलं. दत्तूला घाम फुटला.

"न्हाई. कातळावरनं घसरलो. हे सायेब वरनं 'दत्तू, दत्तू' वरडत हुते!"

जगताप साहेबांनी तोंडात घातलेला लाडू तसाच ठेवला. दुसरं स्थळही गेलं.

त्या रात्री दत्तूची आई आमच्या घरी आली. चहा नको म्हणाली. दारातच बसून पदर डोळ्याला लावून म्हणाली, "भाऊ, माझं पोरगं बिनलग्नाचं ऱ्हायलं, तर मी म्हणीन डोंगरानं न्हेलं. तुमीच काय ते बघा." मला कसंनुसं झालं. तिच्या जागी मी असतो तर याहून जास्त बोललो असतो. मी साहेबांना सांगितलं, की पुढच्या स्थळापर्यंत दत्तूला घरी ठेवू. साहेब हो म्हणाले, आप्पाही हो म्हणाले.

गुरुवारी पहाटे जीप कारेगावच्या फाट्यावर आली, तर दत्तू डबा घेऊन उभा! "आईनंच दिलाय डबा," म्हणाला. आणि तो खोटं बोलत नाही, हे आम्हाला माहीत होतं.

*

लोक विचारायचे, "एवढ्या रानात फिरता, बिबट्याची भीती नाही वाटत?"

सलीमभाईंचं उत्तर ठरलेलं, "बिबट्याला भ्यायचं आसंल तर डोंगरावर जायला पायजे. त्यो हितं आमच्या उसात ऱ्हातो!"

*

दोराचा एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्या दिवशी मी हसत नव्हतो.

एका किल्ल्यावर पायऱ्या तुटल्या आहेत. तिथं दोन पुरुष उंचीचा कातळ आडवा पार करावा लागतो, आणि उजव्या हाताला दरी. दत्तू पुढं गेला. कमरेला दोर बांधून मी निम्म्यात गेलो, आणि माझे पाय थिजले. पुढं जाववेना, मागं येववेना. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिला कुणी काय सांगेल, असा विचार डोक्यात आला आणि जाईना.

मागून सल्ल्यांचा पाऊस. साहेब म्हणाले, "खाली बघू नका." आप्पा म्हणाले, "देवाचं नाव घ्या." सलीमभाई म्हणाले, "काय नाय होत, आरामात या." मला एकाचंही खरं वाटेना. मग मी पुढं पाहून विचारलं, कारण खरं सांगणारा माणूस तिकडं होता.

"दत्तू, मी पडणार तर नाही ना?"

"पडू शकता," दत्तू म्हणाला.

साहेबांनी मागं कपाळावर हात मारून घेतला.

"पण दोराचं दुसरं टोक माझ्या कमरंला हाय. तुमी पडला तर मीबी येतो संगं. म्हणून म्या आदी बघितलं, तुमच्या डाव्या हाताला खाच हाय. चांगली हाय. घाला बोटं."

मी बोटं घातली. खाच चांगली होती. मग उजवा पाय, मग पुन्हा हात. पलीकडं पोचल्यावर मी दत्तूला मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडलो. साहेब आल्या आल्या दत्तूवर ओरडले, की दोर कमरेला नाही, झाडाला किंवा दगडाला बांधायचा असतो, एक गेला तर दोघं जातील! बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून आम्ही तसंच केलं, आणि तुम्हीही तसंच करा.

खाली चहा पिताना मी दत्तूला विचारलं, "खरंच आला असतास रे माझ्याबरोबर?"

तो म्हणाला, "दोर बांधलेला व्हता की, दादा! न येऊन सांगतो कुणाला?"

*

आणि आता सोपानमामांचं.

तिसरं स्थळ केंदूरचं. सोपानमामा म्हणजे मुलीचे वडील. मोठे शेतकरी, पिळदार मिशा, शब्दाला पक्के. त्यांनी मध्यस्थाला सांगितलं, "पोरगं डोंगरावर जातं म्हणं. मला बी घिऊन चला म्हणावं. वर काय हाय ते बघतो, पोराला बघतो, आन् मग ठरवतो. तवर पोरगी दाखवायची न्हाई."

आम्ही हादरलो. ही दत्तूची परीक्षा, आणि बहुतेक शेवटची. तालुक्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. तिसरं स्थळ मोडलं असतं, तर चौथं आलंच नसतं.

साहेबांनी जुन्नरकडचा एक सोपा किल्ला निवडला. नाव सांगत नाही, उगाच त्याची बदनामी. वाटेत एका कड्याखालून जावं लागतं, आणि त्या कड्याला आग्या मोहोळाची तीन मोठी पोळी लटकलेली असतात. म्हणून कडक सूचना निघाल्या. अत्तर नाही, वासाचं तेल नाही, धूर नाही, मोठ्यानं बोलणं नाही. माश्या उठल्याच, तर पळायचं नाही. अंग झाकायचं आणि खाली निपचित पडून राहायचं. सलीमभाई आयुष्यात पहिल्यांदा अत्तराशिवाय घराबाहेर पडले.

मामा खांद्यावर काळी घोंगडी टाकून आले. झपाझप चढले. दत्तूशी एक अक्षर बोलले नाहीत, नुसते त्याच्या पायांकडं बघत होते. आणि मग नेमके त्या कड्याखाली थांबले. तिथं सावली होती, बसायला सपाट दगड होता. मामा बसले. कोपरीच्या खिशातून विडी काढली.

आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. होणाऱ्या सासऱ्याला 'विडी विझवा' कोण म्हणणार? आमच्याकडं सोयऱ्याला पाट सरळ टाकला नाही, तर लग्नं मोडतात!

साहेब खाकरले. "मामा, थोडं पुढं फार छान सावली आहे."

"हितं काय वंगाळ हाय?"

सलीमभाई पुढं झाले. "मामा, पाणी घ्या की थंड."

"विडी झाल्यावर."

दत्तूनं तोंड उघडलं. हा आता सरळ बोलणार, हे ओळखून साहेबांनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की तोंड मिटलं. बिचाऱ्यानं पुन्हा उघडलं, पुन्हा चिमटा. मामांनी काडी ओढली, मस्त झुरका घेतला आणि धूर सोडला. वारा खालून वर वाहत होता. आम्ही सगळे त्या धुराकडं बघत होतो, तो सावकाश, वळसे घेत, बरोबर पोळ्यांपाशी गेला.

वर मिक्सर लावल्यासारखा आवाज सुरू झाला.

"पळा!" असं ज्यांनी आम्हाला पळायचं नाही म्हणून शिकवलं, ते जगताप साहेबच ओरडले आणि सगळ्यांच्या पुढं धावले. मी, आप्पा आणि सलीमभाई त्यांच्या मागं. समोर करवंदीची जाळी दिसली, तिच्यात घुसलो. काटे लागले ते नंतर मोजू म्हटलं. डोकी झाकून पडून राहिलो.

दत्तू मात्र पळाला नव्हता. मामा दगडावरून उठेपर्यंत माश्या त्यांच्या तोंडावर आल्या होत्या. दत्तूनं मामांच्या खांद्यावरची घोंगडी ओढली, मामांना खाली बसवलं, दोघांच्या डोक्यावरून पांघरली आणि कडा पायाखाली दाबल्या. जाळीतून आम्हाला वाटेच्या मधोमध एक काळं गाठोडं तेवढं दिसत होतं, आणि त्याभोवती माश्यांचं घोंगावणं.

बराच वेळ गेला. मग गाठोड्यातून मामांचा आवाज आला.

"आरं, ह्या माश्या एकाएकी कशानं उठल्या रं?"

जाळीत आम्ही चौघांनी श्वास धरला. आप्पा हात जोडून पुटपुटले, "देवा, आजच्या दिवस ह्याला खोटं बोलू दे!"

"तुमच्या विडीनं, मामा," दत्तू म्हणाला.

साहेबांनी करवंदीत तोंड खुपसलं. गेलं! तिसरंही गेलं! मला दत्तूच्या आईचं तोंड दिसायला लागलं.

घोंगडीतून पुन्हा मामांचा आवाज आला.

"मग आदी का न्हाई बोललास?"

"बोलत हुतो. सायबांनी दोनदा चिमटा काढला."

आणि मग ती घोंगडी गदागदा हलायला लागली.

"हसत्यात का माशी शिरलीया?" आप्पांनी विचारलं.

"भायरनं काय कळंना," सलीमभाई म्हणाले.

माश्या शांत झाल्यावर आम्ही एकेक करून बाहेर आलो. मामांनी घोंगडीची घडी घालून खांद्यावर टाकली. पण त्यांचे दोन्ही ओठ पुरीसारखे टम्म फुगले होते, मिशा आभाळाकडं बघत होत्या. दत्तूचा डावा डोळा पार बंद झाला होता. खाली गावात डॉक्टर गाठले, काटे काढले, इंजेक्शनं घेतली, तासभर तिथंच बसवून ठेवलं. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. पण मामांना बोलता येईना! मंचर गेलं, पाबळ गेलं. मामा समोर रस्त्याकडं बघत बसलेले. त्यांच्या मनात काय होतं ते आत होतं, आणि दार सुजून बंद झालं होतं.

केंदूरला दिवे लागायच्या वेळी पोचलो. मामी अंगणात आल्या. जीपमधून ही सुजलेली, खरचटलेली सहा तोंडं उतरली. मामींनी एकेकाकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "आगं बया! आमचं मालक ह्यातलं कुठलं?"

मामांनी "म्म्म" केलं, तेव्हा ओळख पटली. एवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन मुलगी बाहेर आली. कमल तिचं नाव. मुलगी दाखवायची नाही असं ठरलेलं, पण आईचा आवाज ऐकून ती धावतच आली असावी. ती दारात थबकली. दत्तू उरलेल्या एका डोळ्यानं तिच्याकडं बघत राहिला. त्याला खाली मान घालायची आठवणसुद्धा राहिली नाही.

मामींनी नवऱ्याला हळूच विचारलं, "आवं, पोरगं कसं हाय?"

आम्ही सगळे मामांच्या तोंडाकडं पाहायला लागलो. मामांनी बोलायचा प्रयत्न केला. "म्म... म्म..." शब्द फुटेना. मग ते दत्तूसमोर जाऊन उभे राहिले. त्याला खालून वर एकदा पाहिलं. आपल्या खांद्यावरची ती काळी घोंगडी काढली आणि दत्तूच्या खांद्यावर टाकली.

मामींनी तोंडाला पदर लावला. आप्पांचे डोळे भरले. सलीमभाईंनी माझा हात दाबला. साहेब तर दत्तूला मिठी मारायला पुढं निघाले.

तेवढ्यात दारातून कमल म्हणाली, "आबा, आदी झटका तरी की ती!"

उशीर झाला होता. घोंगडीच्या घडीतून शेवटची माशी निघाली, आणि दत्तूचा उजवा डोळाही बंद झाला.

पण तोवर त्याचं बघून झालं होतं.